दोन किलो ज्वारीचं पार्श्वसंगीत

“मुलगी नाचते,” हिंगमिरे तात्या म्हणाले आणि त्यांनी हातातला ज्वारीचा डबा माझ्या कॉफीच्या काउंटरवर ठेवला.

मी दुधाला फेस आणत होतो. “कुठली मुलगी?”

“कालची. त्या खिडकीपाशी बसलेली. मुलाकडच्यांचा फोन आला. मुलगी दिसायला चांगली, शिकलेली, पण नाचते म्हणाले. तोंडावर सांगितलं म्हणे तिनं. ‘रोज रात्री नाचते, नाचल्याशिवाय मला झोपच येत नाही.’”

“मग नाचू दे की.”

“मल्हार, मुलाचं घर वरच्या मजल्यावर आहे. खाली घरमालक राहतो.”

मी फेस आणत राहिलो.

“आणखी एक मोडलं म्हणजे मी आपली जोडपी स्टँडवरच्या आइस्क्रीमवाल्याकडं नेणार,” तात्या म्हणाले. “तिथं निदान तोंड गार तरी होतं. आणि ते तुझं संगीत बदल. काय म्हणतोस त्याला?”

“पार्श्वसंगीत.”

“पार्श्वभागाचं संगीत लावतोस आणि वर लग्नं जुळावीत म्हणतोस!”

एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि मधलं दार ढकलून ते गिरणीत गेले.

हे सगळं तासगावातलं. पुण्यातली नोकरी सोडून मी गावी परत आलो होतो आणि शेवंताआत्याच्या पिठाच्या गिरणीचा अर्धा भाग मागून घेऊन कॉफीचं दुकान काढलं होतं. मध्ये प्लायवूडची भिंत आणि भिंतीत एक दार. पाटी एकच होती. वरच्या ओळीत मी नव्यानं ‘शेटे कॉफी’ लिहून घेतलं होतं आणि खालची ओळ आधीचीच होती, ‘सर्व प्रकारचे धान्य दळून मिळेल’. त्यामुळं लोक कॉफी प्यायला येताना सोबत गहू आणत. पुण्याहून एक मित्र आला होता, तो कपावरच्या पांढऱ्या थराला फार नावाजून गेला. त्यानं विचारलं, हे वरून काय भुरभुरवतोस? मी म्हटलं, आमची खासियत आहे. ते तांदळाचं पीठ होतं आणि ते भिंतीच्या फटीतून आपणहून येत असे.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आजोबा गेले तेव्हा गिरणी तिनं अंगावर घेतली. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, हातातलं दळण संपू दे. दळण कुठं संपतंय! कानात कापसाचे बोळे घालून ती जात्यापाशी उभी राहायची. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यावर बोळे काढले तरी तिला फारसं ऐकू येत नसे. आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती समोरच्याशी असं बोलायची की समोरच्याच्या समोरच्यालाही कळावं.

अर्धी जागा देताना तिनं अट घातली होती. “दसऱ्यापर्यंत बघते. तुझं चाललं तर चाललं. न्हाईतर त्या जागेत मिरचीकांडपाचं मशिन बसवते. दसऱ्याला एक तर तुझ्या कॉफीच्या मशिनला हार घालीन, न्हाईतर माझ्या कांडपाच्या. दोन्हीला पुरतील एवढी फुलं मी काय आणणार न्हाई.”

आणि माझं चालणं-न चालणं सगळं हिंगमिरे तात्यांच्या हातात होतं. तात्या एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर त्यांनी आख्ख्या जिल्ह्याला तिकिटं दिली, त्यामुळं कुठल्या गावात कुणाचा मुलगा लग्नाचा आहे हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर ते लग्नं जमवू लागले. एकट्या माणसाला काहीतरी हवंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते स्थळांबद्दल बोलायचेही सीटांसारखं. “कवठ्याला एक खिडकीची रिकामी आहे.” हल्ली मुलीच्या घरी जाऊन पोहे खाण्याआधी मुलगा-मुलगी बाहेर कुठंतरी भेटतात. तासगावात ‘बाहेर कुठंतरी’ म्हणजे एक तर माझं दुकान, नाहीतर एसटी स्टँड. तात्या जोडपी आणायचे आणि जोडप्यांबरोबर त्यांचे आई-बाप, मामा, काका. दुसरं गिऱ्हाईक मला जवळजवळ नव्हतंच.

पण माझ्याकडं बसलेल्या एकाही जोडप्याचं लग्न जमलं नव्हतं. गावात कुजबूज सुरू झाली होती की तिथली कॉफी प्यायली की स्थळ नाही म्हणतं.

दोष संगीताचा आहे असं तात्यांचं ठाम मत होतं आणि माझंही. शेजारी गिरणी धडधडत असताना काहीतरी लावणं भागच होतं. अडचण एवढीच, की मला संगीतातलं काही कळत नाही. माझं नाव मल्हार असल्यामुळं सगळ्यांना वाटतं की कळत असणार. ते नाव खंडोबावरून ठेवलेलं आहे.

सुरुवातीला मी बासरी लावली. बासरीनं जोडपं इतकं गंभीर झालं की मुलाच्या आईला वाटलं, मुलीकडचं कुणीतरी गेलंय. तिनं मुलीच्या आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “सावरा आता.” मुलीच्या आईला खरोखर रडू आलं.

तात्या काउंटरपाशी येऊन म्हणाले, “हळू लाव की रे.”

मी आवाज कमी केला.

“हळू म्हणजे बारीक नव्हे! हळू म्हणजे सावकाश.”

मोबाइलमध्ये गाण्याचा वेग निम्मा करायची सोय असते. मी निम्मा केला. बासरीचा भोंगा झाला. बाहेर खांबाला कुणाची तरी म्हैस बांधलेली होती, तिनं त्याला उत्तर दिलं. स्थळ मोडलं.

मग मी म्हटलं काहीतरी शुभ लावावं, म्हणून सनई लावली. त्याबरोबर रस्त्यानं चाललेले एक गृहस्थ चपला बाहेर काढून आत आले. “मुलाकडचे की मुलीकडचे?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडचे आहेत. ते समाधानानं बसले. कॉफी दिल्यावर जरा हिरमुसले, जेवण उशिरा आहे का म्हणाले, आणि शेवटी जाताना माझ्या हातात एक नारळ ठेवून वधूवरांना आशीर्वाद देऊन गेले. वधूवर तोवर एकमेकांना नाही म्हणून मोकळे झाले होते.

त्यानंतर मी जोरात काहीतरी लावायला लागलो. निदान गिरणी तरी ऐकू येऊ नये. ती नाचणारी मुलगी त्या काळातली.

तात्यांनी फोनचं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी दुकानात आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं, आणि चेहऱ्यावर परीक्षेत देखरेखीला बसवलेल्या बाईंसारखा भाव.

“इथले मालक कोण?”

“कॉफीचा मी. पिठाची आत्या.”

“मी मैथिली आरवाडे. परवा इथं बसले होते. मी नाचते असं गावभर कुणी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलंत म्हणे.”

“मी?” ती म्हणाली. “मी नगरवाचनालयात ग्रंथपाल आहे. त्यानं विचारलं, मोकळ्या वेळात काय करता. मी म्हटलं, मी वाचते.”

नेमका त्याच वेळी आत्यानं पलीकडं नवा घाणा टाकला.

“काय, नाचता?” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग प्लायवूडच्या भिंतीकडं बघितलं. मग वर टांगलेल्या माझ्या स्पीकरकडं बघितलं. आणि काउंटरवरून वाकून, माझ्या कानापाशी येऊन ती म्हणाली, “वा! वाघातला वा!”

असं मला पहिल्यांदा ते कळलं.

“काल एक आजोबा पुस्तक बदलायला आले,” ती म्हणाली, “आणि मला म्हणाले, नातीच्या हळदीला येशील का, काय घेतेस?”

मी तिला कॉफी दिली. हिशोबाची नाही, भरपाईची. ती पिता पिता म्हणाली, “याआधीची स्थळं का मोडली?”

“एकाचं सांगतो. आष्ट्याचा मुलगा होता, अभिनंदन. मुलगी इथलीच, सायली. तो म्हणाला, आमच्या घरी दोन म्हशी आहेत. ती म्हणाली, वा, दूध किती देतात? झालं. मुलगा उठून गेला. म्हशींवरून एवढं रागवायचं काय कारण, आम्हाला आजवर कळलेलं नाही.”

मैथिलीनं कप खाली ठेवला. “तो ‘म्हशी’ म्हणाला हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सायलीनं.”

“आणि तो स्वतः काय म्हणाला होता?”

हे कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात तात्या ज्वारीचा डबा घेऊन आत आले, म्हणून आम्ही त्यांना विचारलं. त्यांनी तिथूनच फोन लावला. तात्यांचा फोनवरचा आवाज असा, की फोन नसता तरी आष्ट्याला गेला असता.

“अभिनंदन, हिंगमिरे बोलतोय! तुमच्या म्हशींचं काय प्रकरण होतं रे?... काय?... परत बोल... मावश्या?”

दुकानात शांतता पसरली. म्हणजे गिरणी चालू होती, पण आमच्यापुरती पसरली.

“दोन मावश्या आहेत त्याच्या घरी,” तात्या फोन ठेवून म्हणाले. “आई लहानपणी गेली. त्यांनीच वाढवलाय पोराला. आणि आपल्या पोरीनं त्याला विचारलं, दूध किती...” ते खुर्चीवर बसले.

“म्हणजे यांची लग्नं मोडत नाहीयेत,” मैथिली म्हणाली. “यांना एकमेकांचं ऐकूच येत नाहीये. गिरणीचा आवाज झाकायला तुम्ही गाणं लावता आणि गाण्यात माणसं झाकली जातात. तात्या, त्या दोघांना परत बोलवा. या रविवारी.”

“दसऱ्याच्या आधीचा रविवार आहे,” मी म्हणालो. “तेवढा एकच राहिलाय.”

“मग हे शेवटचं,” तात्या उठत म्हणाले. “जमलं तर जमलं. न्हाईतर मी आइस्क्रीमवाल्याकडं, आणि तू मिरची कांड.” मग डबा उचलून ते गिरणीच्या दाराकडं निघाले.

“तात्या,” मैथिलीनं विचारलं, “केवढी ज्वारी आहे ती?”

“दोन किलो.”

“परवाही आणली होती ना? घरी माणसं किती?”

“मी एकटाच की,” तात्या म्हणाले आणि आत गेले.

मैथिली माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, कॉफी आवडली.

सरळ उपाय हा होता की दोघं बोलत असताना आत्यानं गिरणी बंद ठेवायची. पण रविवार नवरात्रातला, उपासाच्या भाजणीला बायकांच्या डब्यांची रांग. आत्याला पटवायला मी हातवारे करून, ओरडून, घसा बसवून सगळी गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकून घेतल्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, “तू गाणं लावशील तेवढा वेळ थांबवीन. गाणं थांबलं की मी चालू करणार. पण गाणं मला ऐकू आलं पायजे. न्हाई ऐकू आलं तर माझा दोष न्हाई.”

आता आत्याला ऐकू येईल असं गाणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. माझ्या स्पीकरला ती घुंगुरटं समजत असे. म्हणून मी मिरवणुकीत लावतात तो डीजेचा बॉक्स भाड्यानं आणायचा ठरवला. कपाटाएवढा असतो. तो गिरणीत आत्याच्या समोर उभा करायचा आणि इकडं काउंटरवरून बटण दाबायचं.

मैथिलीनं हे सगळं नीट ऐकलं. “पण त्या बॉक्सचा आवाज इकडं येणार नाही का?”

“येणारच. म्हणून गाणं मंद निवडायचं.”

“मी आत जाऊन तुमच्या आत्यांच्या खांद्याला हात लावला तर? की आता थांबवा म्हणून?”

“मग ते पार्श्वसंगीत कसलं झालं?”

“तुम्ही इंजिनियर ना?”

“हो.”

“तरीच.”

तरी तिनं मला एक सतार निवडून दिली. म्हणाली, यात कुणी रडणार नाही आणि कुणी जेवायलाही येणार नाही.

“आणि बॉक्स वाजूनही शेवंताबाईंना नाही कळलं तर?” तात्या म्हणाले. “मी थांबतो की आत. खूण करीन. तेवढं करायलाच पायजे कुणीतरी.” हे त्यांनी इतक्या घाईनं सांगितलं की जणू त्या जागेसाठी रांग लागली होती.

रविवारी सकाळी अभिनंदन आला. त्याच्या मागोमाग दोन धिप्पाड बायका आल्या. दोघींची लुगडी सारख्याच काठांची, दोघींच्या हाताची घडी सारखीच.

“आम्हीच त्या,” थोरली म्हणाली.

सायली उठून दोघींच्या पाया पडली. वाकताना तिचे कान लालभडक झालेले दिसले. धाकट्या मावशीनं आशीर्वाद दिला, पण हाताची घडी लगेच परत घातली. दोघी जोडप्याच्या पाठीमागच्या टेबलावर बसल्या आणि तिथून सायलीच्या वेणीकडं बघत राहिल्या. मैथिली कोपऱ्यात एक पुस्तक उघडून बसली होती. ते उलटं होतं. ती नंतर म्हणाली की नव्हतं, पण होतं.

तात्या मला मान हलवून आत गेले. जाताना त्यांच्या हातात डबा होता. सवयच ती.

अभिनंदननं सुरुवात केली. त्याचे ओठ हलताना दिसत होते. सायली पुढं वाकून “काय?” म्हणाली. तो परत बोलला. ती परत “काय?” म्हणाली. थोरल्या मावशीच्या भुवया वर चढल्या. मी कॉफीच्या मशिनचा खटका दाबला, म्हणजे इकडं कॉफी व्हावी. आणि बॉक्सचं बटण दाबलं, म्हणजे तिकडं गिरणी थांबावी.

सतारीची पहिली तार छेडली गेली. आजतागायत मला माहीत नाही, त्या गाण्यात पुढं काय आहे.

आमच्या दुकानाचा आणि गिरणीचा मीटर एकच होता. गिरणी सुरू झाली की माझे दिवे मंद व्हायचे, हे मी रोज बघत होतो आणि ते वातावरणाला बरं दिसतं म्हणून सोडून देत होतो. गिरणी, कॉफीचं मशिन आणि मिरवणुकीचा बॉक्स तिन्ही एकदम म्हटल्यावर मीटरच्या खोक्यात ‘फट्’ झालं. फ्यूज गेला. सतार थांबली, पंखा थांबला, कॉफी अर्ध्या कपावर थांबली आणि गिरणी घरंगळत घरंगळत गप्प झाली.

त्या दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रस्त्यापलीकडं कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तीही ऐकू आली. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून शेवंताआत्याचा आवाज आला, गिरणी चालू असताना यायचा तसा, पूर्ण ताकदीचा.

“अवो तात्या, परवाच न्हेलं की पीठ! एकटा माणूस, एवढ्या भाकरी खाता कुठं?”

आत्याच्या कानात बोळे होते. नंतर कळलं की तात्यांच्याही होते. ती घालते म्हणून तेही घालायला लागले होते. त्यामुळं गिरणी बंद पडली हे दोघांनाही कळलं नव्हतं. पट्टा थांबलेला दिसला असता, पण पट्ट्याकडं बघत होतं कोण!

“खातोय कुठं!” तात्यांचा आवाज आला. सगळ्या एसटीला ऐकू जाईल असा. “घरातले डबे भरलेत! शेजारणीला देतो, देवळात देतो, परवा पोस्टमनला दिलं!”

“मग आणता कशापायी?”

अभिनंदननं सायलीकडं बघितलं. सायलीनं अभिनंदनकडं बघितलं. मी मीटरकडं जायला निघालो, तशी मैथिलीनं पुस्तकातून मान वर न करता माझ्या शर्टाची बाही धरली.

“शेवंताबाई,” तात्या पलीकडं गरजले, “तुम्ही जरा हळू दळत जावा!”

“बारीक दळू?”

“बारीक न्हवं! हळू! हळू म्हणजे सावकाश! दोन किलो कधी संपतंय ते कळतच न्हाई मला!”

थोरली मावशी हाताची घडी सोडून पुढं सरकली. धाकटीनं पदर तोंडाला लावला.

मग आत्या म्हणाली, आणि तिच्या मानानं हे खूपच हळू होतं, म्हणजे फक्त रस्त्यापर्यंत गेलं असेल: “एवढ्या लोकांची लग्नं जमवली, आन् सोताचं बोलायला गिरणीच्या आवाजाचा आडोसा लागतो व्हय तुम्हाला? वर्षभर इथं हुबं ऱ्हाऊन तोंडातल्या तोंडात पुटपुटताय. तुम्हाला वाटतं, हिला काय ऐकू जातंय!”

“मग... कळलं होतं?” तात्यांचा आवाज पहिल्यांदाच बसल्यासारखा आला.

“कानानं ऐकू न्हाई आलं तर काय झालं? तोंडं बघून कळतं मला. आख्खा जलम या गिरणीत मी ओठ वाचते!”

“ही पण नाचते?” धाकटी मावशी दचकून म्हणाली.

“वाचते!” आम्ही सगळे एकदम ओरडलो. मैथिली सगळ्यात मोठ्यानं.

तरीही पलीकडं काही ऐकू गेलं नाही. बोळे चांगले बसलेले असणार.

“मग काय म्हणणं आहे तुमचं?” तात्यांनी विचारलं.

थोरली मावशी कुजबुजली, “हं, सांग बाई आता.”

“माझं काय म्हणणं असणार?” आत्या म्हणाली. “मला मिरचीकांडप बसवायचंय. दसऱ्याला. ते सोडून मला काय सुचत न्हाई बगा आत्ता.”

एवढं सगळं होऊन शेवटी गाडी माझ्याच दुकानावर आली होती.

“माझ्या ओसरीवर बसवा की!” तात्या म्हणाले. “सगळी ओसरी रिकामी पडलीया. मी आन् पिठाचे डबे, तिसरं कोण हाय तिथं!”

“वसरी केवढी हाय?”

“बारा बाय दहा!”

“छपराला पत्रा का कौलं?”

“कौलं! खाट उडंल एवढा वारा येतो!”

अभिनंदननं हात जोडले होते, कुणासाठी कोण जाणे. सायलीनं त्याचं मनगट धरलं होतं, आणि ते धरलंय हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. मला माझं दुकान दिसत होतं आणि त्यावर मिरचीचा लाल धुरळा हळूहळू खाली बसताना दिसत होता.

“तात्या,” आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ झाला होता, “थ्री फेज लाइट हाय का?”

“आहे!!” तात्या म्हणाले.

कौलांवरची कबुतरं उडाली. दुकानात टाळ्या पडल्या. मावश्या उभ्या राहून वाजवत होत्या. टाळ्या तेवढ्या त्या दोघांना जाणवल्या, कारण प्लायवूड थरथरलं. मधलं दार उघडलं आणि पांढऱ्याफट चेहऱ्यांनी दोघं बाहेर आली. पीठच होतं ते, पण दोघांच्याही चेहऱ्यावर सारखंच बसलं होतं.

“गाणं वाजलं व्हय?” आत्यानं कानातला बोळा काढत विचारलं.

“वाजलं,” मी म्हणालो. “फार चांगलं झालं.”

अभिनंदन आणि सायली त्या दिवशी फ्यूज बसवल्यानंतरही उठली नाहीत. मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत होती. मला काउंटरवर सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, “आमच्या मावश्या दूध देत नाहीत, पण श्रीखंड करतात.” ती म्हणाली, “चालेल.” थोरल्या मावशीनं तात्यांना तिथंच हो सांगितलं आणि धाकटीनं आत्याला विचारलं, कांडप सुरू झालं की किलोला काय घेणार.

दसऱ्याला आत्यानं दोन्ही मशिनना हार घातले. एक माझ्या काउंटरवर, एक तात्यांच्या ओसरीवर. एवढी फुलं कशी आणलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मी कुठं आणली? त्यांनी आणली.” दुकान तिथंच राहिलं. पाटीवर आता तिसरी ओळ आहे, ‘मिरची कांडून मिळेल, पत्ता : हिंगमिरे यांची ओसरी’. मीटर वेगळे केले.

गावात मग उलटी बातमी पसरली. तिथली कॉफी प्यायली की स्थळं घेऊन गेलेल्या माणसाचंही जमतं. मध्यस्थ मंडळी माझ्या दुकानात जपून बसू लागली.

मैथिली आजही वाचते. आयुष्यात ती एकदाच नाचली, आमच्या वरातीत. नवरा म्हणून मी शेजारीच होतो, त्यामुळं खात्रीनं सांगतो, तिनं वाचावं.

संगीत मी त्या रविवारपासून लावत नाही. नवं गिऱ्हाईक कधीकधी कपावरून मान वर करून विचारतं, हे मागं काय चाललंय? मी आधी कान देऊन ऐकतो, कारण रोज वेगळं असतं. मग म्हणतो, “ज्वारी.”

आणि ज्वारी असली की भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज येतोच. घरची गिरणी, घरचीच गिरणीवाली, तरी ते डबा घेऊन रांगेत उभे असतात. नंबर आला की डबा पुढं करून म्हणतात,

“हळू.”